भूगोलाची इमारत कोणी आणली

लोणारात आभाळातून दगड पडला आणि फायदा झाला आमच्या भूगोलाच्या विभागप्रमुखाचा. आमच्या विद्यापीठ उपकेंद्रात बाहेरचा कोणीही पाहुणा आला की पहिला प्रश्न लोणारच्या सरोवराचा. मग हा पठ्ठ्या पाहुण्याच्या गाडीत पुढच्या सीटवर, आणि मी, मराठीचा विभागप्रमुख, फाटकाशी हात हलवत उभा. मराठीसाठी आजवर आभाळातून खडासुद्धा पडलेला नाही.

त्यात बातमी आली की नव्या इमारतींच्या निधीतून आमच्या आवारात एकच इमारत होणार, मराठीची नाहीतर भूगोलाची. दोन्ही विभाग पत्र्याखाली, भिंतीला भिंत लागून. विद्यापीठाची समिती येऊन पाहणार आणि ठरवणार. त्या दिवसापासून मला भाजीतलं मीठ कळेनासं झालं. इमारत त्याला मिळाली तर मरेपर्यंत रोज तिच्या सावलीतून जावं लागेल, आणि त्या माणसाची सावली मला फुकटसुद्धा नको होती.

समिती येणार म्हटल्यावर आपल्याकडे आधी रंगाचा डबा उघडतो. मी तर दुकानच उघडलं. भिंती गुलाबी केल्या. मांडववाल्याकडून पांढरंशुभ्र कापड आणून छताला ताणलं, पत्रा गडप. पिंपळगाव राजाच्या सासरवाडीहून सतरंजी आणली. ती एवढी अवाढव्य की तिच्यापायी त्या गावातली लग्नं खोळंबली म्हणतात. तरी खोली भरेना. मग शेजारी गेलो.

"तुह्या कुंड्या नेऊ का बे?"

"ने ना. मले काय काम?"

"खुर्च्या?"

"त्याही ने."

"अन् काचेचं कपाट?"

"अबे, मले तरी इथं ठेवतं का मलेही नेतं?"

एवढ्या उदारपणाचा मला संशय यायला हवा होता. पण त्याचा विभाग ओकाबोका होताना पाहून माझ्या पोटात असा गारवा पसरला की मी वरून त्याचा फळासुद्धा मागितला. तेवढा मात्र त्याने दिला नाही.

समिती शेगावचं दर्शन घेऊन, प्रसन्न चेहऱ्याने आली. अध्यक्ष एक निवृत्त अभियंता बाई. माझ्या दारात पाऊल टाकताच म्हणाल्या, "वा! एवढा सुंदर विभाग मी साऱ्या दौऱ्यात पाहिला नाही." मी मनातल्या मनात इमारतीचा जिनासुद्धा चढलो.

मग त्या शेजारी गेल्या. तिथे पोरं उघड्या फरशीवर मांडी घालून बसलेली. पत्र्याला इतकी भोकं की आत-बाहेर उन्हात फरक नव्हता. हा महाराज फरशीवर पडलेल्या एकेका कवडशाभोवती खडूने गोल काढत होता. कवडसा गोलाबाहेर सरकला की पोरांना सांगायचा, बघा, पृथ्वी एवढी फिरली.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "खुर्च्या नाहीत तुमच्याकडे?"

"होत्या, मॅडम. मराठीच्या सरांना दिल्या. त्यांची अडचण होती."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे तर आता काहीच कमी नाही, सर. जपा हं सगळं."

इमारत झाली. दुमजली, माझ्या खिडकीच्या नेमकी समोर. दुपारी चारलाच माझ्या टेबलावर संध्याकाळ होते. मांडववाल्याने कापड कधीच नेलं, आणि वरचा पत्रा भोकं पडून दिवसेंदिवस भूगोलाच्या पत्र्यासारखा होत चालला आहे. खुर्च्या त्याने परत मागितल्या नाहीत, त्याला नव्या आल्या. कुंड्या मात्र मागतो.

"कधी देतं बे?"

"त्याइनं मूळ धरलं आता मराठीत."

हल्ली पाहुणे येतात, ती इमारत बघून हरखतात, आणि विचारतात, कोणी आणली हो ही? तो तोंड उघडायच्या आत मीच सांगतो, मी आणली. यात तसूभरही खोटं नाही. त्या समितीपुढे भूगोलाची गरज माझ्याइतकी मेहनत घेऊन दुसऱ्या कोणी मांडली असेल, तर त्याने समोर यावं आणि कुंड्या घेऊन जाव्यात.