पाणी विरघळवणारी दवाई आणि माझा अर्ज

नववीनंतर माझी शाळा सुटली; परंतु तहसील कचेरीच्या आवारात माझ्याइतका मुद्देसूद अर्ज कोणी लिहीत नाही, हे तेथील कारकूनही मान्य करतात. तरीही गेल्या खरिपाच्या तोंडावर माझा एक अर्ज वाया गेला, आणि त्याचा संताप अद्याप शमलेला नाही.

धरणगावजवळच्या खेड्यातील एक नाना आले होते. डिझेलात पाणी निघाल्याने त्यांच्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील पंप निकामी झाला होता. पेरणीपूर्वीची वखरणी खोळंबली होती. डिझेल विकणाऱ्याने तो पंप दुरुस्त करून द्यावा, एवढीच मागणी. मेकॅनिकने टाकी धुऊन टाकलेली. पुरावा म्हणून त्याआधी टाकीतून काढलेली एकच बाटली उरली होती. वर डिझेल, तळाशी करंगळीएवढे पाणी. मी लिहिले, “सोबतच्या नमुन्यात तळाशी साचलेले पाणी नुसत्या डोळ्यांस स्पष्ट दिसते.” त्या वाक्यावर मी खूश होतो.

चौथ्या दिवशी नानांनी घरून आणलेली ती बाटली पुरवठा निरीक्षकांनी उजेडात धरली.

“पाणी कुठंय?”

तळापर्यंत एकसारखे डिझेल! मी नानांकडे पाहिले.

“मेकॅनिकनी पानी विरघळाडानी दवाई दिन्ही व्हती,” नाना उत्साहाने म्हणाले. “टाकीमा टाकानं पहिले बाटलीमा टाकी पाही. बठ्ठं पानी जिरी गयं, भाऊ! दवाई खरी शे.”

कपाशीवर दोन औषधे एकत्र फवारण्याआधी ती बाटलीत मिसळून पाहण्याची आमच्याकडे रीत आहे. नानांचा हात त्याच सवयीने चालला होता, आणि पुराव्याच्या बाटलीतले सगळे पाणी विरघळले होते.

“अहो नाना, घरात दुसरी बाटली नव्हती?” मी विचारले.

“व्हती ना. पन तिनामा पानी नव्हतं.”

निरीक्षक खो खो हसले. “अर्जनवीस, अर्ज झकास आहे हो. नमुना तेवढा अर्जासारखा आणायचा!” आणि माझ्या त्या वाक्याखालीच त्यांनी शेरा मारला : नमुन्यात पाणी आढळले नाही.

बाहेर येऊन मी नव्या कागदावर लेखणी टेकवली. पाणी होते, ते अर्जदारानेच विरघळवले, हे कोणत्या शब्दांत मांडावे? शब्द सुचेनात. मला, शब्द सुचेनात!

नानांनी बराच वेळ वाट पाहिली. मग बाटली पिशवीत ठेवत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या भाऊ. वखरणीले कोना घर बैलजोडी रिकामी शे का, ते मी पाहस.”