बोटं उमटवलेला गोळा

माझ्या धाकट्या नातीला ओलं चालत नसे. चिखल, भात, वरण, साबणाचा फेस, काहीच. बोटाला काही लागलं की ती हात लांब धरून उभी राहायची आणि कुणी पुसेपर्यंत रडायची. स्वतःच्या हातानं खायची ते सगळं कोरडं. भाकरीचा कडक पापुद्रा, शेंगदाणे, कुरमुरे. बाकी पोटात जायचं ते तिची आई चमच्यानं भरवायची तेवढंच. माझ्या हातून ती खात नसे. कांदे चिरून आणि भांडी घासून माझ्या बोटांना भेगा पडल्यात, त्या तिच्या ओठाला टोचत. चमचा मी धरला तरी तिला माझा हात दिसायचा. "आजी, तुजा हात चावतो," असं तिनं तोंडावर सांगितलं. मी मनाला लावून घेतलं नाही. हात आहेत ते तसेच आहेत.

पण त्यापायी सून घरात अडकली. ती रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला जायची. धाकटीला बालवाडीत घातलं, तर आठवड्यातच तिथल्या बाईंचा निरोप आला. पोरगी खिचडीला हात लावत नाही, दुपारपर्यंत उपाशी बसते, कुणीतरी भरवायला येत जा. सुनेनं रजा टाकली. ती संपल्यावर बिनपगारी टाकली. मग सुपरवायझरचा फोन आला की दिवाळीनंतर हजर व्हा, नाहीतर तुमच्या जागी दुसरी घेतो. तिला ती नोकरी सोडायची नव्हती. तिनं सोडावी असं मलाही वाटत नव्हतं, कारण दिवसभर दोघी घरात असलो की आम्ही एकमेकींच्या पायात येतो.

गावानं आपापलं सांगितलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं लाडावलीय. मी लाडावलीय म्हणणाऱ्यांत होते.

"दोन दिस उपाशी ठिव, आपसूक खाईल," मी म्हणाले.

सून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी ठिवा, आत्या. मी तवर म्हायेरी जाऊन येते. मला न्हाई बघवायचं."

शेवटी शिरूरच्या डॉक्टरांनी एका मॅडमकडं पाठवलं. मुलांच्या हातांचं, बोलण्याचं त्या बघतात. मीही बरोबर गेले. मॅडमनी पोरीला चटईवर बसवलं, हातावरून कोरडा कपडा फिरवला, मग मऊ ब्रश फिरवला. मटकीच्या डब्यात तिनं आपण होऊन हात घातला. ओला स्पंज पुढं केला तशी किंचाळून आईला चिकटली.

"आजी, हा हट्ट नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला जे नुसतं ओलं लागतं, ते तिला फार जास्त लागतं. तुमच्या हातावर कुणी पाल सोडली तर?"

"झाडूनं मारीन."

"तिच्याकडं अजून झाडू नाही."

हे मला पटलं. मग त्यांनी उपाय सांगितला. दोन वाट्या गव्हाचं पीठ, वाटीभर मीठ, थोडं तेल, कोमट पाणी. मऊ मळायचं. हवा तर रंग घालायचा, वासासाठी ओवा किंवा वेलदोडा घालायचा, खरखरीत लागावं म्हणून तीळ घालायचे. मुलांना त्याचं काहीबाही करू द्यायचं. धाकटीसमोर ठेवायचं, पण हात लाव म्हणायचं नाही. लावलाच तर कौतुक करायचं नाही.

"कौतुक बी न्हाई?" मी विचारलं.

"नाही. आपलं लक्षच नाही असं दाखवायचं."

हे मला जमण्यासारखं होतं.

गव्हाचं पीठ मात्र माझ्या हातून सुटेना. खेळायला गहू कशाला, म्हणून मी बाजरीचं घेतलं. सून म्हणाली, "आत्या, ते तुटंल." मी म्हणाले, जन्मभर बाजरीच थापलीय, मला नको शिकवू. ते तुटलं. थोरली नात दुसरीत आहे. तिनं त्याचा साप करायला घेतला तर शेपूट तिच्या हातात आणि डोकं फरशीवर. तासाभरात सगळ्याचा भुगा झाला. मी तो घमेल्यात भरून म्हशीपुढं ठेवला. मिठाच्या नादानं ती घमेलं ढकलत पार विहिरीपर्यंत गेली. खेळली ती तेवढी म्हैसच.

दुसऱ्या दिवशी मुकाट गव्हाचं मळलं. बीट किसून त्याचा रंग घातला, ओवा घातला. गोळा छान झाला. थोरलीनं त्याची चूल केली, तवा केला, बारक्या भाकरी केल्या, भाकरीला तिळाचे ठिपके दिले. धाकटी लांब बसून बघत होती. थोड्या वेळानं पेनचं टोपण घेऊन आली आणि टोपणानं गोळ्याला एक भोक पाडलं. तेवढ्यात थोरलीनं तिला आपले लाल हात दाखवले. धाकटीला वाटलं रक्त आलं. मग रडून घर डोक्यावर घेतलं. त्यानंतर रंग बंद. नुसतं पांढरं पीठ, मीठ, तेल. वाससुद्धा नको, कारण ओव्याचा वास आला की तिला लाल हात आठवायचे.

आता दोन्ही गोळे सारखेच दिसायला लागले. चपातीची कणीक आणि खेळायचं पीठ, दोन्ही फ्रिजमध्ये, दोन्ही स्टीलच्या डब्यांत. पण आमच्यात घोटाळा व्हायचं कारण नव्हतं. आमच्याकडं मळलेली कणीक गुळगुळीत गोळा करून ठेवत नाहीत. पिंड तसा असतो, मेलेल्या माणसासाठी ठेवतात तो. म्हणून खायच्या कणकेवर चार बोटं दाबायची आणि मग झाकण लावायचं. माझी आई तसं करायची, मी करते, सून करते. मी सुनेला सांगितलं, "बोटं हायती ती खायाची. बोटं न्हाईत ते खेळायचं." तिनं मान हलवली. यात समजावण्यासारखं काही नव्हतं.

धाकटीनं मात्र विचारलं. मी कणकेवर बोटं दाबत होते.

"ह्याला का भोकं पाडती?"

"न्हाई पाडली तर ते मेलेल्याचं व्हतं."

"आबांचं?"

आबा म्हणजे तिचा आजा, माझा मालक. त्याच उन्हाळ्यात गेला. दहाव्याला घोडनदीच्या घाटावर ती बापाच्या खांद्यावर होती. भाताचे गोळे तिनं बघितले होते, कावळाही बघितला होता.

"व्हय, आबांचं व्हतं तसं," मी म्हणाले आणि झाकण लावलं. लहान पोराला असं सांगावं का, हा विचार मी केला नाही. तिनं विचारलं, मी सांगितलं.

दिवस चालले होते. पोरगी टोपणानं टोचायची, काडी खोचायची, लाटण्याचं टोक दाबायची. हात नाही म्हणजे नाही. दसरा गेला. सुनेनं कंपनीचा निळा शर्ट धुऊन, घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवून दिला. ते मी बघितलं.

अशात एक दिवस दौंडच्या विहीणबाई आल्या, माझ्या लेकीच्या सासूबाई. बरोबर त्यांचे मालक. नवं घर बांधलंय, वास्तुशांतीचं आवतण घेऊन सकाळच्या एसटीनं दोघं दारात उभे. फोन नाही, काही नाही. मी शेतातून शेवग्याच्या शेंगा आणल्या आणि आमटीला लागले. सून म्हणाली, "आत्या, कणीक कालची हाय मळलेली, चपात्या मी लाटते." तिनं भराभर लाटल्या. एवढंच म्हणाली की फ्रिजमधली कणीक आज जरा चिकटतीय, आणि पीठ लावून लावून लाटत राहिली.

पाहुण्यांची ताटं आधी वाढली. पाव्हण्यांनी, म्हणजे विहीणबाईंच्या मालकांनी, पहिला घास घेतला, थांबले, पाणी प्यायले. दुसरा घास आमटीत बुडवून घेतला आणि तांब्या रिकामा केला. बोलले काही नाहीत. माणूस भला आहे. विहीणबाईंनी एक तुकडा तोंडात घातला आणि माझ्याकडं बघितलं.

"काय वो विहीणबाई, आमी परत येऊ न्हाई म्हणून केल्यात व्हय?"

मी त्यांच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि मोरीत जाऊन थुंकून आले. नुसतं मीठ.

"खेळायचं पीठ लाटलंस का गं?"

सुनेचं तोंड उतरलं. "आत्या, बोटं व्हती त्यावर! मी बघून घेतलं."

"मी कशाला दाबीन खेळायच्या पिठावर बोटं?"

"व्हती. बारकी व्हती जरा, मला वाटलं थोरलीनं दाबली."

थोरली दारातच उभी होती. ती म्हणाली, "मी न्हाई. मी तर काल मामाकडं व्हते, निमोण्याला."

खरं होतं. सकाळीच तिचा मामा तिला सोडून गेला होता. मग आम्ही सगळ्यांनी एकदमच धाकटीकडं बघितलं. ती कॉटच्या पायाला धरून उभी होती. आपल्याला मार बसणार असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तू दाबली व्हय गं बोटं?" मी विचारलं. आवाज चढवला नाही.

"व्हय."

"का?"

"तू म्हणली, बोटं न्हाईत ते मेलेल्याचं. माजा गोळा मेला न्हाई."

पाव्हण्यांनी रिकामा तांब्या पुढं केला. "अजून पाणी हाय का?"

सून दोन पावलं पुढं झाली. पोरीला उचलून घेणार आणि मुके घेणार, हे मला स्पष्ट दिसलं. मॅडमचं सांगणं तिला माझ्याहून चांगलं पाठ होतं, पण आईचं काय सांगावं. मी म्हणाले, "उभी काय राहतीस? बाजरीचं पीठ घे, चार भाकरी टाक. पाव्हणं उपाशी हायत." ती चुलीकडं गेली. पाठ करून पीठ मळू लागली. तिचे खांदे हलत होते, ते पीठ मळण्यानं नव्हे.

विहीणबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. पोरगी ओल्याला हात लावत नाही एवढं लेकीकडून ऐकलेलं. त्यांनी हात पसरले, "अगं माजी गुणाची बाय ती—" मी त्यांचा गुडघा दाबला.

"विहीणबाई, आमटी घ्या."

"अवो पण पोरीनं..."

"आमटी घ्या, गार व्हतीय."

त्यांनी आमटी घेतली. नंतर अंगणात मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गुडघा केवढ्यानं दाबलात वो!"

संध्याकाळी मी चपातीची कणीक मळली आणि गुळगुळीत गोळा करून परातीत तशीच ठेवली. धाकटीला हाक मारली नाही. लसूण सोलत बसले. ती दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली आणि म्हणाली, "आजी, बोटं राह्यली."

"माजं हात भरल्यात."

तिनं एक बोट दाबलं, चटकन काढलं आणि माझ्या पदराला पुसलं. परत एक दाबलं, परत पुसलं. चार भोकं झाली तेव्हा पदराची वाट लागली होती. मी पदराचं नाव काढलं नाही. लसूण सोलून झाला होता, तरी सालं चिवडत बसले.

त्या दिवसापासून कणकेवर बोटं दाबायचं काम तिचं. दुसऱ्या कुणी दाबली तर भांडते. पुढं सगळं एकदम सुधारलं असं नाही. दह्याला ती अजून हात लावत नाही आणि पोळ्याला मातीचे बैल करायचे तर थोरलीला हुकूम सोडते. पण दिवाळीच्या आसपास एकदा बालवाडीच्या बाई दारावरून जाताना थांबल्या.

"आजी, तुमची नात खिचडीचा बारका गोळा करती, त्याला बोटानं खड्डा पाडती, मग खाती. हे काय काढलंय?"

"आमच्यात तसंच खात्यात," मी म्हणाले.

सुनेनं निळा शर्ट पेटीतून काढला. पहाटे कंपनीची बस फाट्यावर येते, त्या बसनं ती जाते. दुपारपर्यंत पोरी शाळेत, नंतर माझ्याकडं. माझ्या हातून धाकटी अजूनही खात नाही, स्वतःच्या हातानं खाते.

खेळायचं पीठ अजून मळतो. मी तिला सांगून बघितलं की त्या गोळ्याला बोटं नको पाडत जाऊ, घोटाळा होतो. ती ऐकत नाही. दोन्ही गोळ्यांवर सारखी चार चार बोटं असतात. म्हणून लाटायच्या आधी मी चिमूटभर तोंडात टाकून बघते.