तिच्या वाटचं पागोटं

आमच्या घाटकोपरच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला भाषणं कमी आणि टोमणे जास्त असतात. शेलापागोटे. प्रत्येक मुलावर दोन ओळींची खोडी, लिहिणाऱ्याचं नाव नाही. वर्गशिक्षिका म्हणून ती मी वाचते. ज्याच्यावर असेल त्याने मंचावर यायचं, क्रेप कागदाचं पागोटं डोक्यावर घालून घ्यायचं आणि सगळे हसत असताना निमूट उभं राहायचं. चिठ्ठ्या आधी मी चाळते. कुणाच्या रंगावर, जाडीवर, मार्कांवर काही असलं तर सरळ केराची टोपली. माझा स्वभाव तसा खाष्टच, पण या दिवसाची मी वर्षभर वाट बघते.

गेल्या वर्षी मात्र शेलापागोटे होणारच नव्हते. गणपतीनंतर वर्गातली एक मुलगी डेंग्यूने गेली. शाळेत दिसली नाही तेव्हा आम्ही म्हटलं, उगवेल उशिरा, हिचं नेहमीचंच. आठवड्याभरात बातमी आली. पुढे समारंभाचं ठरवायला बसलो तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "यंदा थट्टामस्करी नको. फोटो, हार, दोन मिनिटं शांतता. बास." मलाही ते पटलं. तिच्या आईला बोलवायला मी स्वतः जाते म्हटलं.

असल्फ्याच्या चढावर त्यांचं घर. आई साकीनाक्याला कुरियरच्या ऑफिसात काम करतात, म्हणून रविवार गाठला. भिंतीवर लेकीचा फोटो, त्याला ताजा हार. मी कार्यक्रम कसा होणार ते सांगितलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"हार तर मी रोजच घालते, बाई. शेलापागोटे नाहीत?"

"यंदा नको म्हटलं. बरं दिसत नाही."

"कुणाला?"

मी चहा संपवून कप खाली ठेवला.

"भेटायला येतात त्या सगळ्यांची गुणी बाळ झालीय ती," त्या म्हणाल्या. "शांत होती म्हणे! अहो, ती शांत होती कधी? आमच्या चाळीत ती ज्यांच्याशी भांडली नाही असं एक घर दाखवा. गेल्यापासून तिला कुणी नावंच ठेवत नाही. माझी खरी पोरगी पुसली जातेय ओ. कधीकधी मलाच वाटतं, अशीच गुणी होती की काय." मग कप उचलत म्हणाल्या, "मी येईन. पण तिचं पागोटं ठेवा. आणि गोडगोड नको."

परत आल्यावर मी मुख्याध्यापकांशी वाद घातला. "रडारड झाली तर जबाबदारी तुमची," ते म्हणाले. माझीच, म्हटलं.

वर्गात चिठ्ठ्यांचं खोकं फिरवलं. तिच्यासाठीच्या चिठ्ठ्या उघडल्या तर कुणी तिला आकाशातला तारा केलेलं, कुणी देवाघरची परी. अक्षर ओळखून मी सगळ्या परत दिल्या. "ही कोण? अशी कुणी माझ्या वर्गात नव्हती. रोज उशिरा येऊन बस चुकली म्हणून थाप मारणारी, वर मलाच उलट उत्तर देणारी एक होती. तिच्यावर लिहा."

"बाई, गेलेल्या माणसाची टर कशी उडवायची?" पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला. "पाप लागेल ना."

"लागलं तर मला लागू दे," मी म्हणाले. पण आतून मी घाबरले होते. लेक गमावलेल्या बाईला भर सभेत दुखावलं, तर पुन्हा तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

समारंभाच्या सकाळी खोक्यात तिच्यासाठी एकच चिठ्ठी निघाली. अक्षर तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचं होतं. स्टाफरूममध्ये ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. ही वाचायची कशी?

सगळ्यांची पागोटी झाली. पोरं हसून हसून लाल झाली होती. मग मी तिचं नाव घेतलं. आई पहिल्या रांगेतून उठून मंचावर आल्या. गुलाबी कागदाचं पागोटं घालून घ्यायला त्यांनी मान खाली केली. मी वाचलं:

"रोज प्रार्थना संपल्यावर उगवायची बाई,
जायच्या वेळी मात्र हिला कसली एवढी घाई?"

मुख्याध्यापक माझ्याकडे रोखून बघत होते. तिसऱ्या रांगेत ती मैत्रीण ओंजळीत तोंड लपवून बसली होती. आईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, वाट लागली.

त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसतच होत्या. "खरंय," त्या म्हणाल्या. "जन्माला पण तशीच आली. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली तरी हिचा पत्ता नाही!"

हॉलमधून दबकं हसू आलं. आईंनी पागोटं सावरलं आणि मुलांकडे बघितलं. "आणि डब्यांचं काय? तुमचे डबे संपवायची ती. घरी येऊन मला सांगायची, कुणाकडे काय होतं. त्याचं कुणीच नाही लिहिलं?"

मग पापाला घाबरणारा मुलगा उठला. "लिहिलंय, काकू. खोक्यात टाकायची डेरिंग नाही झाली." त्याने खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढली. त्याच्यामागे दोन मुली उठल्या, मग जवळजवळ अख्खी शेवटची रांग. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या.

"गर्दी नको, रांग लावा," मी ओरडले. "आणि आपापली मोठ्याने वाचा."

मुलाने घसा खाकरला:

"सगळ्यांच्या डब्यात हिचा पहिला घास,
स्वतःच्या डब्याला मात्र कुलूप हमखास!"

"कुलूप कसलं रे?" पागोटं घातलेल्या माणसाने निमूट राहायचं असतं हे विसरून आई थेट भांडायलाच लागल्या. "मी रोज भरलेला डबा देत होते! बस स्टॉपवर बसून संपवायची ती, सकाळीच. समोरून बस गेली तरी उठायची नाही. म्हणून तर उशीर व्हायचा!"

हॉल नुसता फुटला. मी मात्र माइक धरून तशीच उभी. म्हणजे बस खरंच चुकत होती, आणि ती अशी! मला तिचा सणसणीत राग आला. त्या क्षणी समोर असती तर पुरा तास वर्गाबाहेर उभी केली असती, आणि तिने दारातूनच उलट उत्तर दिलं असतं. इतक्या महिन्यांनी ती मला पहिल्यांदाच जशी होती तशी दिसली.