आबांच्या ट्रकला लावलेला टर्बोचा मीटर

सकाळचे नऊ वाजलेले आणि मी ट्रकच्या इंजिनात डोकं घालून उभी... जळगावात, अजिंठा चौफुलीजवळच्या रफिकचाचांच्या गॅरेजात. नव्वदच्या दशकातला मे महिना, त्यामुळे लोखंडाला हात लावला की चटकाच बसायचा.

ट्रक आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मी तेव्हा धुळ्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होते, वर्गात आम्ही मुली दोनच. सुट्टीत पिंप्राळ्याला घरी आले की आबा मला हक्कानं गाडीच्या कामाला लावायचे. आईला ते आवडत नसे, आणि मला फार आवडायचं.

आबांनी जुनी गाडी विकून नुकतीच टर्बोची गाडी घेतली होती. तेव्हा टर्बो म्हणजे अप्रूप... चढावर गाडी ओढायला लागली की इंजिनातून बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी ऐकायला पोरं रस्त्याच्या कडेला थांबत.

एकदा घाटात टर्बोचा रबरी पाइप क्लिपमधून निसटला. गाडी ओढेना, फसफस हवा सुटतेय, मागे काळा धूर, तरी आबा तशीच दामटत राहिले. शेवटी क्लीनरनं हात धरून थांबवलं, तेव्हा त्यांना कळलं.

तेव्हापासून त्यांनी एकच धरलं होतं... टर्बोचं प्रेशर दाखवणारा मीटर पाहिजे, अगदी डोळ्यांसमोर. तसा मीटर जळगावात कुठे मिळणार? मला वाटलं, नव्या गाडीची हौस आहे, दुसरं काय.

उपाय रफिकचाचांनी काढला. गॅस वेल्डिंगच्या जुन्या रेग्युलेटरचा छोटा मीटर त्यांच्याकडे पडून होता, अडीच किलोपर्यंत आकडे असलेला. टर्बोला एक किलोच्या आतलंच प्रेशर, म्हणजे तो सहज पुरणारा.

इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पाइपावरचा एक बोल्ट काढून मी तिथे नळी जोडायला पितळी निपल बसवला. तिथून बारीक नळी केबिनमध्ये ओढली आणि स्टिअरिंगच्या शेजारी पट्टी वाकवून मीटर घट्ट केला. जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं... बुडबुडा नाही. मी खूश.

गाडी चालू केली, आबांनी रेस दिली. काटा हलेना.

रफिकचाचा म्हणाले, मीटरच मेलेला दिसतो. मी म्हटलं, गाडी रिकामी आहे, ओझ्याशिवाय टर्बो जोर लावणारच नाही... भरून चालवा, मग बघा. आबांचा चेहरा मात्र एवढा उतरला की मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याचं भाडं होतं, सरकीच्या ढेपेची पोती. मला हॉस्टेलवर परतायचंच होतं, मी त्याच गाडीत बसले. क्लीनर गावी गेलेला, त्यामुळे केबिनमध्ये आम्ही दोघंच.

एरंडोल मागे पडलं. एक जीप केव्हाची मागून हॉर्न देत होती, पण आबा बाजू देईनात. माझे वडील रस्त्यावर असा अडेलपणा करणारे नव्हते. शेवटी जीप डावीकडून मातीत उतरून पुढे गेली, तेव्हा आबा दचकले.

मग चढ लागला. काटा थरथरला आणि सरसर वर चढला, अर्धा... पाऊण किलो. आणि ती शिट्टी, अगदी स्वच्छ.

मी ओरडलेच, "आबा, शिट्टी ऐका ना, काय मस्त वाजतेय!"

आबा काट्याकडे पाहत होते. नजर तशीच ठेवून त्यांनी अहिराणीत विचारलं, "कशी वाजस ती?"

मला आधी समजलंच नाही. मग ते पुढे पाहतच म्हणाले, "माले आयकू येस नही, बेटा. दोन वरीस व्हयनात." जवळून मोठ्यानं बोललेलं कळायचं त्यांना, पण बारीक आवाज सगळे गेले होते. पंचवीस वर्षं केबिनमध्ये इंजिनाशेजारी बसून कान गेले, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

मीटर कशासाठी हवा होता, ते आता कळलं. जे कानांना कळत नव्हतं, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं...

मला रडू येत होतं. पण ती जीपही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. ऐकू जावं म्हणून मी त्यांच्याजवळ सरकले आणि सावकाश म्हटलं, "आबा, मीटरवर टर्बो दिसेल. मागचा हॉर्न नाही दिसणार."

वडिलांना असं काही मी जन्मात बोलले नव्हते. वाटलं, आता रागावतील. त्यांनी पुढच्या झाडाखाली गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाले, "तुनी मायले मी सांगसू. तू नको सांगू."

तिथून धुळ्यापर्यंत ते गाडी अगदी डाव्या कडेनं, हळू घेऊन गेले. मी आरशात बघून मागचं सांगत होते. माल उतरवल्यावर आम्ही कानांच्या डॉक्टरांकडे गेलो... नस कमजोर झालीय, गेलेलं परत येणार नाही, म्हणाले.

महिन्याभरात आबांनी ड्रायव्हर ठेवला. स्वतः ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून भाडी बघू लागले. सुरुवातीला फार चिडचिड केली, जेवण सोडलं, आईशी भांडले. पण स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही.

पुढे नोकरीत मी कितीतरी मोठ्या मशीनवर मीटर बसवले. आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दुपारी ते मला "तुला काय कळतं" म्हणून गप्प बसवू शकले असते... पण एकोणीस वर्षांच्या मुलीचं त्यांनी ऐकून घेतलं. मला ते किती मोठं वाटलं, हे त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून आज इथे लिहिलं.