गावदेवीचा कौल आणि नानांची साक्ष

आमच्या घरात माहेरी जायचं तरी कौल लागायचा. माझे सासरे, नाना, टोकावड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात गावदेवीचे पुजारी. दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायची आणि गप्प उभं राहायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. कुणाची म्हैस हरवो, कुणाच्या पोरीला स्थळ येवो, लोक नानांकडे यायचे. माझ्या माहेराच्या वेळेला मात्र डावंच फूल का पडायचं, देवी जाणे! एकदा चिडून म्हटलं, "नाना, देवीला सासुरवास नव्हता वाटतं." नाना हसलेसुद्धा नाहीत. "ती कुणाच्या बाजूची नसते गो," एवढंच म्हणाले.

ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखीव जागा आल्या तेव्हा वरच्या आळीनं मला उभं केलं. मला म्हणजे नवऱ्यालाच, नाव फक्त माझं. विरुद्ध खालच्या आळीची शेवंता. मतदानाच्या आधी नवऱ्यानं सगळी आळी देवळात जमवली. मी नारळ घेऊन उभी. नानांनी कौल लावला आणि उजवं फूल पडलं. त्यात लबाडी नव्हती, माझ्या डोळ्यांदेखत पडलं. मग नाना लोकांकडे वळले. "देवीनं सुनेला कौल दिला हाय. आता जो मोडंल त्याचं ती बगून घेईल." बायकांनी पटापट हात जोडले. मीही जोडले.

मी निवडून आले, पुढे सरपंचही झाले. सुरुवातीला सही कुठे करायची ते नवरा बोट ठेवून दाखवायचा. मग मी त्याचं बोट बाजूला सारायला लागले. बैठकीला एस.टी.नं मुरबाडला एकटी जायला लागले. तिथला शिपाई मला 'सुनंदाताई' म्हणायचा. लग्न झाल्यापासून कुणी मला माझ्या नावानं हाक मारलीच नव्हती. खरं सांगते, रस्ते-गटारांपेक्षा मला त्या हाकेचं अप्रूप जास्त होतं.

तेवढ्यात शेवंताच्या भावानं कोर्टात दावा लावला. देवाची भीती घालून मतं मिळवली, निवडणूक रद्द करा. आम्ही आधी हसलो. आता देवळात नारळ फोडायलाही कोर्टाची परवानगी काढायची काय? पण आमचे वकील हसले नाहीत. "देवाधर्माच्या नावानं मत मागणं कायद्यानं भ्रष्ट आचरण आहे. त्यात देवीचा कोप होईल असं सांगितलं असेल, तर मग संपलंच. वहिनींची जागा जाईल, वर काही वर्षं उभं राहता येणार नाही." आणि साक्षीला बोलावलं होतं नानांना.

वकिलांनी ओटीवर बसून नानांना समजावलं. "एवढंच म्हणा, कौल घरच्या कामाचा होता. मताबिताचं काही बोललो नाही."

"ते खोटं हाय," नाना म्हणाले.

"बाबा, घर बुडवताय का?" नवरा ओरडला.

"देवीपुढं बोललो ते कोर्टात नाय म्हणू? उद्या पूजेला कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी दाराआड उभी होते. सुनेनं सासऱ्याला खोटं बोला म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी चहाचे कप दारातूनच पुढे सरकवले आणि आत गेले.

कोर्टात नाना ताठ उभे राहिले. शेवंताच्या वकिलानं विचारलं, देवी बघून घेईल असं म्हणालात का? "म्हणालो. खरंच हाय ते. कौल मोडला तर ती सोडत नाय." आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर नाना मला म्हणाले, "भिऊ नको. कौल खरा व्हता, ते साहेबानं लिवून घेतलं."

निकाल विरुद्ध गेला. मी पुन्हा पुजाऱ्याची सून झाले. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. भाकऱ्या थापल्या, देवीची भांडी घासली. हातावर निजल्यावर हात बधिर होतो ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं, आणि ते बरीच वर्षं तसंच राहिलं. नानांनी त्यानंतर कौल लावणं सोडलं. कुणी आलंच तर "हात कापतो" म्हणायचे. हात अजिबात कापत नव्हता. त्यांचं ताट रोज मीच वाढायचे, मला दिसत होतं.

शेवटच्या आजारात मी त्यांना पेज भरवत होते. आता कसली भीड धरायची? म्हटलं, "नाना, त्या दिवशी एकदा 'नाही' म्हणाला असतात तर काय झालं असतं?"

त्यांनी चमचा हातानं बाजूला सारला. "वकिलासाठी कशाला बोलू खोटं? तुज्या नवऱ्यासाठी तरी कशाला? त्याला नुसतं मिरवायला पायजे व्हतं." मध्येच दम लागला, थांबले. "खुर्ची तुजी व्हती. मी वाट बगत व्हतो. तू एकदा दाराआडनं बाहेर येऊन म्हणाली असतीस, तर बोललो असतो."

आता तरी रडू येईल असं वाटलं. आलं नाही. वाटीत पेज उरली होती. "आ करा," म्हटलं, आणि चमचा पुढे केला.