माइकच्या मागच्या बाजूचा आवाज

हे लिहू की नको यातच कितीतरी महिने गेले. या ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचताना मी कायम शंका काढणाऱ्यांच्या बाजूची... भूत, आत्मा, संकेत, यातलं काहीच मी मानत नव्हते. लग्नाआधी जळगावला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. रिपोर्ट विचित्र आला तर घाबरायचं नाही, नमुना पुन्हा घ्यायचा, मशीन पुन्हा तपासायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पुढे जे सांगतेय त्यातही आम्ही तेच केलं. म्हणून जरा तपशिलात लिहिते. चालवून घ्या.

आम्ही कोलकात्यात सॉल्ट लेकला राहतो. तळमजल्याचं घर. नवरा शिरीष सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते.

आई जन्मापासून इथल्याच. मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. बंगाली इतकं सफाईदार की नव्या शेजाऱ्यांना त्या बंगालीच वाटायच्या. पण घरात मराठी, आणि तीही चोख. मी खानदेशातली. माझ्या तोंडात ‘पानी’, ‘लोनी’ बसलेलं. आई रागवायच्या नाहीत. हातातलं काम न थांबवता नुसतं म्हणायच्या, “पाणी. ण.” आणि पुढच्या कामाला लागायच्या. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला फार लागायचं ते. मग सवय झाली.

अडीच वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घशातून एक ‘हं’ यायचं, तेही कधीतरी. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं किती ते नक्की सांगता येणार नाही, पण फारसं नसावं. हे वाक्य आम्ही धरून बसलो. सुरुवातीला त्यांच्याशी बोलायचो, पेपर वाचून दाखवायचो. मग हळूहळू ते कमी झालं. पुढे पुढे तर त्यांच्यादेखत आम्ही त्यांच्याबद्दल असं बोलायला लागलो, जसं खोलीत कुणी नाहीच. लिहितानाही लाज वाटतेय.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या कमरेतली चकती सरकली. वजन उचलायचं नाही अशी सक्त ताकीद मिळाली. त्याच सुमारास आईंचं सगळं करणाऱ्या बाई, आमच्या आयामाशी, गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. नवीन बाई मिळेना. मग कुणीतरी बराकपूरचं सुचवलं. तिथे गंगेच्या काठाला आजारी वृद्धांना ठेवून घेणारी एक जागा आहे. शिरीष जाऊन बघून आला, फॉर्मही घेऊन आला. आईंची चादर बदलता बदलता आम्ही त्याबद्दल बोललो — एकदा नाही, चार-पाच वेळा. महिनाअखेरीला फॉर्म द्यायचा होता.

आता माइकचं.

दर रविवारी सकाळी मी इथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी ऑनलाइन गोष्ट वाचते. ही मुलं घरी मराठी ऐकतात, पण बोलताना अडखळतात, म्हणून सुरू केलेलं. बसून करायचं काम, त्यामुळे कमरेच्या दुखण्यात तेवढं एकच टिकलं. आठवडाभर सराव म्हणून रेकॉर्ड करून ऐकायचं, रविवारी लाइव्ह वाचायचं. लॅपटॉपच्याच माइकवर चाललं होतं. एक दिवस एक मुलगी म्हणाली, “काकू, तुमचा आवाज बादलीतून येतो.” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मग शोध सुरू झाला. थेट लॅपटॉपला जोडता येईल असा यूएसबी माइक हवा होता, आणि खिशाला परवडणारा. शिरीषने सगळं वाचून मला समजावलं. दोन प्रकार — डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलावं लागतं, पण तो आजूबाजूचा गोंगाट फारसा घेत नाही. कंडेन्सर नाजूक. बारीकसारीक सगळं टिपतो. ऑनलाइन परीक्षणं वाचून डोकं आणखीच फिरलं, म्हणून शनिवारी आम्ही चांदनीच्या बाजारात गेलो. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी दोन्ही माइक जोडून दिले आणि हेडफोन लावून बोलायला लावलं. डायनॅमिकमध्ये माझा आवाज जाडसर वाटला. कंडेन्सरमध्ये मला माझा श्वास ऐकू आला... मी तोच घेतला.

“बौदी, एटा शॉब शोने,” दुकानदार म्हणाले. वहिनी, हा सगळं ऐकतो. मग हिंदीत नीट समजावून सांगितलं — पंखा बंद करा, पडदे ओढा, कपडे-गाद्या असलेली खोली निवडा. हा समोरचं ऐकतो, मागच्या बाजूचं सगळ्यात कमी, म्हणून नको असलेला आवाज त्याच्या पाठीमागे ठेवा. नाही जमला तर आठवड्यात आणा, बदलून देईन.

घरात तशी खोली एकच, आईंची. मागच्या बाजूला, दोन कपाटं, गाद्यांची चळत, जाड पडदे. टेबल आत नेलं. मी एका बाजूला, मध्ये माइक, आणि माइकच्या पाठीमागे चार-पाच फुटांवर आईंचा पलंग.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिलं रेकॉर्डिंग केलं. आई जाग्या होत्या, छताकडे बघत होत्या. तळं आटल्यावर वणवण करणाऱ्या एका कासवाची गोष्ट होती. वाचून झाल्यावर हेडफोन लावून ऐकायला बसले. आवाज खरंच सुंदर आला होता. लांब गल्लीतल्या मासेवाल्याची हाकसुद्धा पुसट आली होती. मग एका जागी मी वाचलं, ‘कासवाला कुठे पानी दिसेना’. आणि मागोमाग, माझ्या पुढच्या शब्दाच्या आधी —

“पाणी. ण.”

मी हेडफोन काढले. आईंकडे बघितलं. त्या छताकडेच बघत होत्या.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आवाज हळू, पण स्वच्छ. वीस वर्षं ऐकलेला आवाज होता तो, ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. माझा पहिला विचार सांगते — मला आनंद झाला. वाटलं, आई बोलल्या आणि मी वाचण्याच्या नादात ऐकलं नाही. त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, आई, पुन्हा म्हणा ना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले नाहीत.

संध्याकाळी शिरीषने ऐकलं. दोनदा पुन्हा लावून ऐकलं. मग म्हणाला, उद्या पुन्हा कर, आणि फोनवर आईचा व्हिडिओ चालू ठेव.

मंगळवारी तसंच केलं. या वेळी मी मुद्दाम ‘पानी’ म्हटलं नाही, नीट सांभाळून वाचत होते. माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये सहाव्या मिनिटाला आवाज आला, “सावकाश वाच, वैशाली. मुलांना चित्र दिसू दे.” व्हिडिओत त्याच क्षणी आईंचं तोंड मिटलेलं. आणि फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाजच नव्हता. माझं वाचन होतं, मासेवाला होता, तो आवाज नव्हता. फोन त्यांच्या उशीपासून हातभर अंतरावर होता...

बुधवारी शिरीष घरीच राहिला. त्याने लॅपटॉप बदलला, सॉफ्टवेअर दुसरं घेतलं, वायर बदलली. हेडफोन काढून टाकले. त्याचं म्हणणं होतं की मी खोलीत नसले तर काय होतं ते बघू. माइक तिथेच, तोंड माझ्या रिकाम्या खुर्चीकडे, पाठ आईंकडे. रेकॉर्डिंग सुरू केलं, फोनचा व्हिडिओ सुरू केला, दार लावून घेतलं आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. वीस मिनिटं. मी भात लावला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

मग लॅपटॉप स्वयंपाकघरात आणून ऐकलं. बराच वेळ काही नाही. कावळा. माझ्या कुकरची शिट्टी, भिंतीपलीकडून. मग अगदी जवळून, साध्या, न रागावलेल्या आवाजात —

“शिरीष, मला सगळं कळतं रे.”

पुन्हा कावळा. मग पुन्हा, “बराकपूरचं ऐकलंय मी. जावं लागलं तर जाईन. पण मला विचारा तरी.”

एवढंच. शिरीष ओट्याला टेकून खाली बसला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. व्हिडिओ बघायची हिंमत त्याला झाली नाही, तो मी बघितला. वीस मिनिटं आई भिंतीकडे बघत पडून होत्या. तोंड मिटलेलं.

आम्ही आत गेलो. शिरीष त्यांच्या डाव्या हाताशी बसला, तो हात चालत होता. त्याने हात हातात घेतला आणि म्हणाला, “आई, आम्ही तुला विचारलं नाही. चुकलं आमचं. आता विचारतो. हो असेल तर माझा हात दाब. नाही असेल तर दाबू नकोस.”

आईंनी त्याच्याकडे बघितलं. नुसतं डोळे वळवून नाही, मान वळवून.

त्याने विचारलं, बराकपूरला जाशील का? काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. मला वाटलं, नकोच म्हणतायत, आणि खरं सांगते, त्याच वेळी माझ्या मनात आलं की आता माझ्या कमरेचं काय होणार. तेवढ्यात शिरीष दचकला. हात दाबला होता. त्याने खात्री करायला उलटं विचारलं, इथेच राहायचं का? नाही दाबला. कायमचं जायचं का तिथे? नाही दाबला. मग मी विचारलं, “आई, माझी कंबर बरी होईपर्यंत? सहा महिने?”

त्यांनी हात इतका घट्ट दाबला की शिरीषच्या बोटांवर वळ उठले.

त्यांना जायचं होतं की आमची अडचण बघून त्या तयार झाल्या, ते मला माहीत नाही. पण ठरवलं त्यांनी.

त्यानंतर तो आवाज एकदाही आला नाही. आम्ही रोज प्रयत्न केला. शिरीष तर झपाटल्यासारखा झाला होता. दुकानदारांकडून डायनॅमिक माइकही आणला, त्यावरही केलं. काही नाही. पुन्हा कंडेन्सर लावला. कावळा, कुकर, मासेवाला, माझा श्वास. शेवटी डायनॅमिक परत दिला आणि हाच ठेवून घेतला. आजही रविवारी त्याच्यावरच वाचते. उत्तम चालतो.

ती तीन रेकॉर्डिंग्ज शिरीषने आवाजाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला ऐकवली, कुणाचा आवाज ते न सांगता. तो म्हणाला, वयस्कर बाई आहेत, माइकच्या अगदी समोर बसल्यात, वीतभर अंतरावर. समोर म्हणजे माझ्या खुर्चीत... डॉक्टरांनाही ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, या पेशंटना असं बोलता येत नाही. कुणाचा तरी गैरसमज होतोय. तो कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

आई सहा महिने बराकपूरला राहिल्या. तिथल्या थेरपिस्टना आम्ही एवढंच सांगितलं की यांना सगळं कळतं, विचारून करा. दर रविवारी गोष्ट संपवून आम्ही जायचो. व्हरांड्यात त्यांची खुर्ची नदीकडे तोंड करून ठेवलेली असायची. दुर्गापूजेनंतर त्या घरी आल्या तेव्हा आठ-दहा शब्द परत आले होते. हो. नाही. चहा. शिरीषचं नाव अर्धं. आवाज मात्र वेगळा झालाय, घोगरा, तुटक. पूर्वीचा नाही.

रेकॉर्डिंग त्यांना ऐकवावं की नाही, यावर आम्ही दोघं खूप दिवस घोळ घालत होतो. मग म्हटलं, आता तरी विचारूनच करू. विचारलं, त्या ‘हो’ म्हणाल्या. एका दुपारी शिरीषने त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि बुधवारचं ते लावलं. ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. संपल्यावर मी हेडफोन जरासा बाजूला करून विचारलं, “आई, हा तुमचा आवाज आहे?”

“हो.”

“तुम्ही बोलला होतात का हे?”

त्यांनी विचार केला. नीट, वेळ घेऊन, वर्गात एखाद्या मुलीने अवघड प्रश्न विचारल्यावर करत असतील तसा.

“नाही,” त्या म्हणाल्या.

शिरीषने विचारलं, मग कोण बोललं? त्यावर त्यांच्याकडे शब्द नव्हता. तुमच्यापैकी कुणाला आवाजाच्या यंत्रांतलं कळत असेल तर सांगा, मी मनापासून ऐकेन. त्या दिवशी आई मात्र उत्तराच्या मागे लागल्या नाहीत. त्यांनी डावा हात उचलला, हेडफोन स्वतःच कानावर नीट बसवला आणि लॅपटॉपकडे बोट केलं — पुन्हा लाव. मी लावलं. मग पुन्हा. चहा गार होऊन गेला तरी त्या डोळे मिटून ऐकत होत्या... आपलं बोलणं.