हजेरीतलं पूर्ण नाव

शेजारची राजेश्वरी लग्नानंतर आठ वर्षांनी कळंबला डी.एड. करतेय. परवा आमच्याच गावच्या शाळेत तिचा सराव पाठ होता. शाळा समितीची सदस्य म्हणून मी वर्गात होते. समोर दुसरीची पोरं, त्यांत तिची स्वतःची अक्षरा; मागच्या बाकावर गुण देणारे सर; आणि दारात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या तिच्या सासूबाई, धुरपदाबाई.

हजेरी घेताना तिनं सगळ्यांची वडिलांसकट नावं वाचली आणि लेकीपाशी येऊन नुसतं "अक्षरा" म्हणाली. सासूसमोर नवऱ्याचं नाव घ्यायची त्यांच्या घरात रीत नाही.

"मॅडम, माझं पूर्ण नाव घ्या की!" अक्षरा उभीच राहिली.

सरांचं पेन वहीवर टेकलं. राजेश्वरीच्या हातात खडू मोडला.

"घे की बाई," धुरपदाबाई दारातूनच म्हणाल्या, "हितं तू मास्तरीण हायस, माझी सून न्हाय."

"अक्षरा कृष्णराज," ती एका दमात म्हणाली.

"हजर!"

तास संपेपर्यंत तिनं दाराकडं पाहिलं नाही. संध्याकाळी माझ्या अंगणात येरझाऱ्या घालत विचारत होती, "काकू, त्या खरंच रागावल्या नसतील ना?" सरांनी किती गुण दिले, ते तिनं अजून पाहिलंही नव्हतं.